खाडा कॅन्सरच्या पेशीला फळतो

मंडळी, तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यानं आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत तोंडाची काय गत केली, ते सिंदेवाहीत येऊन मी काय सांगावं! या मंडपातही दोघा-चौघांच्या खिशात पन्नी निघेल. मी बोलणार आहे पुढचं. तोंडाचा कॅन्सर निघतो, नागपूरच्या तुकडोजी कॅन्सर रुग्णालयात पाठवणी होते, आणि घरचे विचारतात, ‘‘शेक द्यायला मशीन कोणती भारी?’’

पेशीला मशीनचं नाव कळत नाही. कोबाल्टचे गॅमा किरण असोत की लिनॅकचे क्ष-किरण, पेशीच्या आत होतं ते जवळपास एकच. फरक पडतो तो किरण किती नेमके पोचतात यात. नाव ‘शेक’ असलं, तरी 2 ग्रेच्या (ग्रे म्हणजे किरणांच्या डोसचं माप) एका बैठकीनं तापमान अंशाच्या हजाराव्या भागानंही वाढत नाही. किरण पेशीतलं पाणी फोडतात, त्यातून सुटलेले फ्री रॅडिकल डीएनए तोडतात. 1 ग्रेमागे डीएनएचा एक धागा हजारेक ठिकाणी तुटतो, ते पेशी सांधून घेते. दोन्ही धागे एकदम तुटतात ते 30-40 ठिकाणी. तिथली दुरुस्ती चुकली, की पेशी मरते. तीही बहुधा पुढं विभाजनाला गेल्यावर. म्हणूनच शेवटच्या बैठकीनंतरही गाठ कित्येक आठवडे आक्रसत राहते.

प्रोटॉनची सोय आता खारघरला, टाटाच्या केंद्रात आहे. त्याचा घाव क्ष-किरणांहून जेमतेम 10 टक्के जड. कमाल आहे ती ठरल्या खोलीवर थांबण्यात. लहान मुलांच्या मेंदूतल्या गाठींसाठी ते मोलाचं. तोंडाच्या कॅन्सरसाठी शेत विकून त्यामागं धावावं, असं मला वाटत नाही. कार्बन आयन मात्र खरोखर वेगळे. जपानात चिबाला ते 1994पासून वापरतात. त्यांचे घाव इतके दाट, की पेशीला सांधणं जमत नाही. गाठीच्या गाभ्यात ऑक्सिजन नसला, की क्ष-किरणांचा डोस अडीच-तीन पट लागतो. कार्बनला ती अडचण बरीच कमी.

आता माझा खरा मुद्दा. 60-70 ग्रे एकदम का देत नाहीत? निरोगी पेशींना रोज सावरायला वेळ हवा म्हणून. त्यासाठी आठवड्याला 5 दिवस, असे 6-7 आठवडे. पण चौथ्या आठवड्याच्या सुमारास उरलेल्या कॅन्सरपेशी झपाट्यानं वाढू लागतात. किरणोपचाराचे अभ्यासक विदर्स यांनी 1988 साली डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये हिशेब मांडला : त्यापुढं दर दिवशी सुमारे 0.6 ग्रे नुसते या वाढीला पुरे पडण्यात खर्च होतात. नेमकं तेव्हाच तोंड सोललेलं, घोटभर पेज उतरत नाही, आणि इकडं धान कापणीला आलेलं. पेशंट म्हणतो, ‘‘डॉक्टरसाहेब, आठ दिवस गावाला जाऊन येतो.’’ त्या आठ दिवसांत जवळजवळ 5 ग्रे पाण्यात. म्हणजे अडीच बैठकांची कमाई.

म्हणून मशीनच्या आधी नागपुरात राहायची सोय बघा. तरी खाडा पडलाच, तर लपवू नका, लगेच डॉक्टरांना सांगा. कधी कधी एका दिवशी दोन बैठका देऊन तो भरून काढता येतो. मात्र दोन्हींमध्ये किमान 6 तास जावे लागतात, त्यामुळे संध्याकाळची गावाकडची गाडी त्या दिवशी धरू नका.