हवा काढली, तरी थंडावा हवाच

होळीला आमच्या गटाने पुरणपोळ्यांची ऑर्डर घेतली आणि दोन किलो पुरण उरलं. साध्या पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये ठेवलं, तर महिन्याभरात कडेने कोरडं पडलं, वासही लागला. म्हणून आम्ही हवा ओढून पिशवी बंद करणारं मशीन, म्हणजे व्हॅक्यूम सीलर, घ्यायला निघालो.

दुकानात आधी पापडाची पाकिटं चिकटवायचं मशीन दाखवलं. ते नुसतं तोंड चिकटवतं, हवा काढत नाही. तेव्हा हे आधी विचारा. मग पिशव्यांचा भाव विचारा. बहुतेक घरगुती मशीनला आतून खरबरीत पिशवी लागते. गुळगुळीत पिशवीतून हवा नीट निघत नाही. मशीन एकदाच घेतो, पिशव्या मात्र कायम लागतात. आमटी-रस्सा आधी डब्यात गोठवा, मग पिशवीत भरा. नाहीतर पाणी मशीनमध्ये ओढलं जातं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हवा काढली म्हणजे अन्न टिकलं, असं नाही. काही घातक जंतू हवेशिवायच वाढतात आणि वासावरून कळत नाहीत. म्हणून उरलेलं अन्न दोन तासांच्या आत निववून, बंद करून, उणे 18 अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवा. पिशवीवर तारीख लिहा. लाईट गेली तर दार उघडू नका. गच्च भरलेला फ्रीजर सुमारे 48 तास थंडी धरतो, अर्धा भरलेला 24 तास. पिशवी बाहेर राहून रात्रभर मऊ पडली, तर जीव हळहळला तरी टाकून द्या.

मशीन नसलं तर चालेल, बायांनो. थंडावा मात्र हवाच.