पेटीतली विद्या बाहेर काढा

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हांला विषय दिला तो 'फौजेतून आलेली आपली मुले आणि त्यांची पुढची नोकरी'. आम्ही काही विद्वान नव्हे. मुंबईत गिरणीत साचेखात्यात तीस वर्षे काढली. शाळा आठवीपर्यंत, पुढचे शिक्षण झाले ते वाचनालयात, युनियनच्या बैठकीत आणि मोर्चात. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली, गिरणी थांबली, ती पुन्हा सुरू झालीच नाही. तेव्हापासून आम्ही गावीच आहोत. तेव्हा पुस्तकातले सांगण्यापेक्षा घरात पाहिले ते सांगतो.

आपल्या किनाऱ्यावरून दोन वाटा पूर्वीपासून निघतात. एक भाऊच्या धक्क्याची आणि दुसरी फौजेची. फौजेची वाट आपल्याला नवी नाही. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर १८८६ साली सैन्यातून निवृत्त झाले. त्यांनी पेन्शन खात ओटीवर बसून राहणे पत्करले नाही. सैन्यात अक्षर शिकले होते, ते अक्षर त्यांनी समाजासाठी लेखणीत घातले. आपल्या लोकांची सैन्यभरती बंद झाली, तेव्हा १८९४ साली त्याविरुद्धचा अर्ज त्यांनीच लिहिला. सुभेदार रामजी सकपाळ महूला लष्कराच्या शाळेत मास्तर होते. फौजेने दिलेली विद्या त्यांनी घरी आणली आणि मुलाला दिली. त्या मुलाचे नाव आम्ही सांगण्याची गरज नाही. आणि योगायोग बघा, ज्या महूला रामजीबाबांनी धडे दिले, त्याच महूला आज लष्कराचे दूरसंचार अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. म्हणजे बंदूक सरकारजमा होते, पण विद्या माणसाबरोबर घरी येते. ती येते की पेटीत राहते, एवढाच आजचा आमचा प्रश्न आहे.

आमचे थोरले बंधू, आम्ही त्यांना दादा म्हणतो, १९८५ साली सिग्नल्समध्ये भरती झाले. सिग्नल्स म्हणजे फौजेचे संदेशवहन खाते. १९११ साली त्याची स्थापना झाली, आणि 'तीव्र चौकस' हे त्याचे ब्रीद. सैन्य कितीही मोठे असो, वरचा हुकूम खाली पोहोचला नाही आणि खालची खबर वर गेली नाही तर ते आंधळे. दादा लाईनमन. बर्फात, पावसात केबल टाकायची, तुटली की रात्री-बेरात्री शोधून जोडायची. आधी तांब्याची तार, पुढे काचेच्या केसासारखी ऑप्टिकल फायबर. बावीस वर्षे हे करून २००७ साली नाईक म्हणून ते घरी आले. हार घातले, गावजेवण झाले. आणि तीन महिन्यांत दादा एका कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीत उभे राहिले.

तेरा वर्षे ! आत कंपनीचे टेलिफोन एक्स्चेंज, नेटवर्कची खोली, आणि ज्याला त्यातले कळते तो माणूस बाहेर गाड्यांचे नंबर लिहितोय. वहिनी एकदा म्हणाल्या, "एक वर्दी उतरवली नि दुसरी चढवली. शिकलेलं मात्र त्या काळ्या पेटीतच ऱ्हायलं." आम्ही तेव्हा हसलो. हसायला नको होते.

मग आले निसर्ग वादळ. ३ जून २०२०. ते आपण सर्वांनी भोगले. अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत माडपोफळीच्या बागा झोपल्या, कौले-पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले. लाईट गेली, आणि मोबाईलच्या टॉवरच्या बॅटऱ्या संपल्यावर फोनही गेले. मुंबईत करोना, इकडे वादळ, आणि पोराबाळांची खबर कळेना. चार-पाच दिवसांनी कंत्राटदाराची मुले फायबर जोडायला आली. त्यांच्याकडे ओटीडीआर नावाचे यंत्र होते. केबलमध्ये प्रकाश सोडला की तो तुटल्या जागेवरून परततो, त्यावरून तुटले किती अंतरावर ते यंत्र सांगते. यंत्राने सव्वाचार किलोमीटर दाखवले. मुले मोटारसायकलीच्या काट्यावर सव्वाचार किलोमीटर मोजून गेली. तिथे केबल शाबूत ! दोनदा गेली, दोनदा परत आली.

दादा बांधावर उभे राहून बघत होते. म्हणाले, "बाबांनो, यंत्र केबल मोजतं, रस्ता मोजत नाही. जागोजागी खांबाला गुंडाळी ठेवलीय, ती मोजलीत का ? मागं या." आणि खरंच, बऱ्याच अलीकडे एका पडलेल्या आंब्याखाली केबल तुटलेली निघाली. मग रस्ता ओलांडताना ट्रक लागू नये म्हणून तात्पुरती केबल किती उंच बांधायची, झाडाला गाठ कशी मारायची की वाऱ्याने झाड हलले तरी ताण येणार नाही, हे सगळे त्यांनी मुलांना दाखवले. दुपारी त्यांचा इंजिनियर आला. त्याने विचारले, "काका, हे कुठं शिकलात ?" "सिग्नल्समध्ये." "मग तुम्ही गेटवर काय करता ?"

बंधू-भगिनींनो, दादांकडे उत्तर नव्हते, आणि आमच्याकडेही नव्हते. त्या इंजिनियरने पुढच्याच महिन्यात दादांना देखभालीच्या कामावर घेतले. वयाच्या चौपन्नाव्या वर्षी ! पण तेरा वर्षे गेली ती गेली. त्यांच्यासाठी वादळ यावे लागले. प्रत्येकासाठी वादळ कसे येणार ?

विद्या पेटीत का राहते, याचा आम्ही पुष्कळ विचार केला. तीन कारणे दिसली.

पहिले कारण भाषेचे. फौजेच्या कागदावर लिहिलेले असते अमुक ट्रेड, अमुक क्लास, अमुक रेजिमेंट. कंपनीच्या साहेबाला त्यातले ओ की ठो कळत नाही. वास्तविक फौजेतला कोणता ट्रेड मुलकी कोणत्या कामाच्या बरोबरीचा, हे सरकारने ठरवून दिलेले आहे. पण आपला माणूस तो कागद दाखवतच नाही.

दुसरे कारण भीतीचे. "आमचं काम गुप्त होतं, सांगता येत नाही" असे म्हणून पोर अर्जात नुसते 'सैन्यात सतरा वर्षे' लिहिते. गुपित पाळलेच पाहिजे, तो कायदा आहे. परंतु गुपित असते ते ठिकाण, फ्रिक्वेन्सी, सांकेतिक लिपी, कोणासाठी काम केले ते. राऊटर बसवता येतो, फायबर जोडता येते, चोवीस तास चालणारी यंत्रणा सांभाळली, दहा माणसांची पाळी लावली, हे हाताचे कसब आहे. आपण काय करू शकतो ते लिहावे. कुठे आणि कोणासाठी केले ते लिहू नये.

तिसरे कारण म्हणजे पेन्शनची सावली. पेन्शन आली की घराचा स्लॅब, बहिणीचे लग्न, आणि जी पहिली नोकरी मिळेल ती. ती बहुधा गेटवरचीच असते. गेटवर उभे राहणे हलके काम नव्हे, कोणी गैरसमज करू नये. पण ज्याच्या हातात दुसरी विद्या आहे त्याने ती गंजू देणे हे नुकसान आहे, त्याचे आणि समाजाचेही.

आता दुसरे उदाहरण. आमचा भाचा २००५ साली सिग्नल्समध्येच गेला. त्याने मामाची दशा पाहिलेली. निवृत्तीच्या आधीच्या दोन वर्षांत जवानाला केंद्राच्या पुनर्वसन महासंचालनालयातर्फे मुलकी कामाचे शिक्षण घेता येते, जवानाला फी पडत नाही. त्याने नेटवर्किंगचा कोर्स मागून घेतला. रात्री बराकीत बसून कंपन्या मानतात ती परीक्षाही दिली. पहिल्यांदा नापास झाला, दुसऱ्यांदा पास. २०२२ साली सुटल्यावर नवी मुंबईत लागला. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात आणि आपल्याच जिल्ह्यात पनवेलला आज मोठमोठी डेटा सेंटरे आहेत. तिथे जगभरचा हिशेब, फोटो, बँकेचे व्यवहार यंत्रांत साठतात आणि ती यंत्रे क्षणभरही बंद पडून चालत नाही. रात्रपाळी, नोंदवही, पाळी बदलताना तोंडी नव्हे तर लेखी चार्ज देणे, लाईट गेली तर जनरेटर आधीच तयार ठेवणे, हे फौजी माणसाला नवे नाही.

पण कडू ते पण सांगतो. सुरुवातीचा पगार फौजेतल्या शेवटच्या पगाराच्या निम्म्याहून कमी. वरचा साहेब पंचवीस वर्षांचा पोरगा. इंग्रजीत ईमेल लिहायचे. फौजेत हुकूम आला की करायचे; इथे "का बंद पडले, परत पडू नये म्हणून काय करणार" हे स्वतः मांडायचे. सहा महिने भाचा गप्प गप्प होता. पेन्शन होती म्हणून तग धरला. त्याने पेन्शन स्लॅबला नाही, शिकण्याला लावली. दोन वर्षांनी बढती मिळाली.

सरकारी नोकरीबद्दलही दोन शब्द. आपल्या राज्यात गट क आणि ड मध्ये माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे. केंद्राच्या गट क च्या काही जागांसाठी दहावी पास आणि पंधरा वर्षे सेवा झालेला जवान पदवीधराच्या बरोबरीने धरतात. परंतु जिथे तांत्रिक शिक्षणाची अट आहे तिथे ही सवलत चालत नाही. तिथे प्रमाणपत्रच लागते. म्हणून म्हणतो, शिकण्याला पर्याय नाही.

आता दाराशी उभ्या असलेल्या पोरांनो, तुमच्यासाठी. २०२२ च्या जूनमध्ये अग्निपथ योजना आली. चार वर्षांनी शंभरातले जास्तीत जास्त पंचवीस पुढे ठेवणार, बाकीचे घरी. हाती सेवानिधीची एकरकमी रक्कम, पण पेन्शन नाही. २०२३ च्या सुरुवातीला पहिल्या तुकडीचे प्रशिक्षण सुरू झाले, म्हणजे २०२७ च्या आरंभी त्यांची चार वर्षे भरतात. योजना बरी की वाईट, यावर आम्ही मोर्चात बोलू. इथे एवढेच की, दादांना पेन्शन होती म्हणून तेरा वर्षे वाया घालवणे परवडले. तुम्हांला तेरा महिनेही परवडणार नाहीत. भरतीला जाल त्या दिवसापासून शिका, आणि शिकलेल्याचा कागद घ्या.

समितीला विनंती अशी. विहाराच्या वाचनालयात एक वही ठेवावी. फौजेतून आलेल्या प्रत्येकाने तीत आपल्याला काय करता येते ते साध्या मराठीत लिहावे. महिन्यातला एक रविवार दादा आणि भाचा पोरांना केबल जोडायला, अर्ज लिहायला शिकवतील. दोघांनी कबूल केले आहे. आणि सुट्टीवर आलेल्या जवानाला आई-बहिणींनी 'काय आणलंस' यापेक्षा 'काय शिकलास' हे आधी विचारावे. अलिबागला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, तिथे नाव नोंदवायला जाताना एकटे जायला संकोच वाटला तर आम्ही बरोबर येऊ.

दादांची काळी पेटी परवा आम्ही उघडली. तळाशी चार प्रमाणपत्रे निघाली, कडेने वाळवी लागलेली. वहिनींनी ती पुसून भिंतीवर लावली आहेत. तुमच्या घरातल्या पेट्या आज रात्रीच उघडून बघा.