‘पण ती गेलीच कशाला?’

(पूर्व उपनगरांतील महिला मंडळे व समुपदेशन केंद्रांच्या कार्यकर्त्यांच्या घाटकोपर येथील बैठकीत केलेले भाषण)



आजचा विषय कळल्यावर दोघी-तिघींचे फोन आले. “डेटिंग अ‍ॅप आणि क्रूझ? आपल्याकडचे पाण्याचे, रेशनचे, मारहाणीचे प्रश्न संपले का?” संपलेले नाहीत. पण केंद्राच्या दारात येणारी बाई आपल्या सोयीचा प्रश्न निवडून आणत नाही. गेल्या काही वर्षांत ‘ओळख कशी झाली?’ या प्रश्नाला ‘अ‍ॅपवर’ असं उत्तर देणाऱ्या बाया मुलुंडहून येतात, बोरिवलीहून येतात, आणि त्यांतल्या सगळ्या काही विशीतल्या नसतात.

एकीबद्दल सांगते. तिची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. चाळिशी ओलांडलेली, घटस्फोटित, नोकरी करणारी. अ‍ॅपवर एकाशी तीन महिने बोलणं चाललं होतं. अंधेरीच्या मॉलमध्ये दोनदा भेट झाली. मग दोन मैत्रिणींबरोबर ती मुंबई–गोवा क्रूझवर गेली, त्यानेही त्याच बोटीचं तिकीट काढलं. पहिली संध्याकाळ छान गेली, हे ती स्वतः सांगते. रात्री त्याला केबिनमध्ये यायचं होतं, ती नाही म्हणाली. दुसऱ्या दिवशी मैत्रिणी डेकवर असताना तो आत आला आणि ती कपडे बदलत असताना त्याने फोटो काढला. मुंबईत परतल्यावर धमकी सुरू : सोसायटीच्या ग्रुपवर टाकीन.

ती आमच्याकडे आली ती तीन आठवड्यांनी. आणि आमच्यातल्याच एका जुन्या कार्यकर्तीच्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, “पण तू बोटीवर गेलीसच कशाला?”

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. १९७२ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस चौकीत मथुरा या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. तिचं एका मुलावर प्रेम होतं, तिला शरीरसंबंधांची सवय होती, हे खालच्या कोर्टाने तिच्याविरुद्ध धरलं. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडलं, कारण तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, म्हणजे तिने प्रतिकार केला नाही, म्हणजे संमती होती! १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी न्यायालयाला खुलं पत्र लिहिलं, १९८० मध्ये मुंबईत बायका रस्त्यावर आल्या, आणि आज आपण ज्याला चळवळ म्हणतो तिचा मोठा भाग त्यातून उभा राहिला. १९८३ मध्ये कायदा बदलला. बाईच्या चारित्र्यावर बोट ठेवून तिची साक्ष खोडण्याची मुभा २००३ मध्ये गेली. २०१३ मध्ये संमतीची व्याख्या आली : ती स्पष्ट हवी, त्या विशिष्ट कृतीसाठी हवी, आणि शरीराने प्रतिकार केला नाही एवढ्यावरून ती गृहीत धरता येत नाही. ही व्याख्या भारतीय न्याय संहितेतही आहे.

म्हणजे अ‍ॅपवर ‘हो’चं बोट फिरवणं ही संमती नाही. तीन महिन्यांच्या गप्पा नाहीत, कॉफी नाही, एकाच बोटीचं तिकीट नाही. हे कायद्याला कळायला चाळीस वर्षं लागली. आपल्याला किती लागणार आहेत?

बाया अ‍ॅपवर का जातात, हेही मोकळेपणी बोलू. विवाह मंडळाचा फॉर्म आपण सगळ्यांनी पाहिलाय. उंची, वर्ण, जात, पोटजात, पगार. घटस्फोटितेला बिजवर, विधवेला तीन मुलांचा बाप. यातून वाट काढून एखादी बाई स्वतःच्या बोटाने माणूस निवडते, नको वाटला तर बाजूला सारते, आणि मामा-काकांना विचारावं लागत नाही, यात तिला मोकळं वाटणारच. अ‍ॅपवर जात नसते असं मात्र मी म्हणणार नाही. आडनाव वाचता येतं, आणि वाचलं जातंच. आणि लग्न नकोच, सोबत हवी, असं म्हणणाऱ्या बाईला तर आपल्या मंडळांतही जागा कमीच.

आता बोटीचं. २०२१ च्या सप्टेंबरपासून मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीपकडे पर्यटनाच्या मोठ्या बोटी सुटू लागल्या. लगेच ऑक्टोबरमध्ये त्यातल्या एका बोटीवर नार्कोटिक्स ब्यूरोची धाड पडली, आणि घराघरांत ‘क्रूझ’ या शब्दालाच वास येऊ लागला. प्रत्यक्षात तिथे कुटुंबं जातात, भिशीचे ग्रुप जातात, आणि कंपन्या आपल्या माणसांना नेतात. हे शेवटचं लक्षात ठेवा. कंपनीने नेलेली सहल हे कामाचंच ठिकाण. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात कामानिमित्त गेलेली जागा आणि मालकाने दिलेली वाहतूक, दोन्ही येतात. तीन महिन्यांच्या आत अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार करता येते. ‘ऑफिसबाहेर घडलं’ हे उत्तर चालत नाही.

अ‍ॅप माणूस किती अंतरावर आहे ते दाखवतं. अंधेरीत ‘एक किलोमीटर’ म्हणजे लाखभर माणसं. समुद्रात एक किलोमीटर म्हणजे तो तुमच्याच बोटीवर आहे, आणि संध्याकाळपर्यंत तुमचा मजलाही त्याला ठाऊक होतो. किनारा सुटला की फोनची रेंज जाते, वाय-फायला पैसे पडतात. उतरून रिक्षा करता येत नाही. म्हणून बोटीवर काही झालं तर तिथल्या सुरक्षा अधिकाऱ्याकडे लेखी नोंद करायची, डॉक्टरला दाखवायचं, आणि मार्गिकेतलं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवा असं लिहून मागायचं, कारण ते काही दिवसांनी पुसलं जातं. समोरच्याने अ‍ॅपवरची जोडी तोडली की गप्पा आपल्या फोनवरूनही जातात. तेव्हा रागाने ब्लॉक करण्याआधी सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्यायचे.

आमच्या या बाईला चौकीत सांगितलं गेलं, “समुद्रात घडलंय, आमच्या हद्दीत येत नाही.” कायदा काय म्हणतो? किनाऱ्यापासून बारा सागरी मैल भारताचेच. त्यापुढेही, आणि बोटीवर दुसऱ्या देशाचा झेंडा असला तरी, भारतीय नागरिकाने केलेल्या गुन्ह्याला न्याय संहिता लागू होते. आणि १ जुलै २०२४ पासून हद्द कुठलीही असो, गुन्हा नोंदवून घेणं पोलिसांवर बंधनकारक आहे, त्यालाच ‘झिरो एफआयआर’ म्हणतात. चोरून फोटो काढण्याला कलम ७७ आहे. आम्ही दोघी तिच्याबरोबर कागद घेऊन गेलो. दुसऱ्या खेपेला तक्रार लिहून घेतली गेली, महिला अधिकाऱ्याने.

आता एक अवघड गोष्ट. वसईच्या श्रद्धा वालकरची बातमी नोव्हेंबर २०२२ मध्ये आली, तेव्हा सगळ्यांनी दोन गोष्टी उचलल्या : अ‍ॅप आणि धर्म. तिसरी कुणी फारशी उचलली नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये नालासोपाऱ्याच्या तुळिंज पोलिसांकडे तिने स्वतःच्या हाताने लिहून दिलं होतं की, तो मारतो, जिवे मारण्याची धमकी देतो. पुढे तिने ती तक्रार मागे घेतली. मारहाण झालेली बाई तक्रार मागे घेते, हे आपल्या प्रत्येक रजिस्टरमध्ये आहे. त्यानंतरच्या दीड वर्षात तिच्याकडे कोण गेलं? सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये काय केलं, तर आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाहांवर नजर ठेवणारी समिती नेमली. ओरड झाल्यावर ‘आंतरजातीय’ तेवढं गळलं. मारणाऱ्या पुरुषावर नजर ठेवायची सोडून प्रेम करणाऱ्या मुलीवर! संहितेतल्या नव्या कलम ६९ कडेही मी याच कारणासाठी साशंकतेने पाहते. लग्नाचं खोटं आमिष किंवा ओळख लपवणं यासाठी ते आहे. त्याचा उपयोग काही बायांना होईलही, पण ते बाईला ‘फसलेली’ म्हणूनच ओळखतं. जी फसली नव्हती, स्वतःच्या इच्छेने गेली होती आणि एका टप्प्यावर नाही म्हणाली, तिला त्यात जागा कुठे आहे?

म्हणून आज माझी सूचना साधी, कागदाची आहे. आपल्या नोंदणीच्या फॉर्मवर नाव-पत्त्याखाली लगेच ‘आरोपीशी ओळख कशी झाली’ हा रकाना आहे. बाई त्याच्यापाशीच अडखळते, खोटं सांगते किंवा उठून जाते. तो रकाना शेवटच्या पानावर न्यावा, आणि त्याच्या जागी ‘आत्ता तुम्हाला कशाची भीती वाटते?’ हा प्रश्न यावा. सायबर तक्रारीचा १९३० आणि महिलांचा १८१ हे क्रमांक फॉर्मच्या मागे छापावेत. ज्यांचा विरोध असेल त्यांनी आत्ताच बोलावं. फॉर्म पुढच्या आठवड्यात छपाईला जातोय.