मोटारीच्या चाकांवरील काळी भुकटी

मोटारीच्या पुढील चाकांवर वरचेवर सांचणारी काळपट भुकटी ही केवळ रस्त्यावरील धूळ नव्हे. ब्रेक दाबतांना बिडाची तबकडी व तिला आवळणारे ठोकळे झिजतात. त्यांचे तापलेले लोहकण चाकाच्या रोगणांत रुततात आणि ओल लागतांच गंजतात. यासाठीं चाकांस लेप द्यावा. मेण उष्णतेनें लवकर जातें. सीलंट अधिक टिकतें, सिरॅमिकचा लेप त्याहूनहि अधिक. लेपानें भुकटी थांबत नाहीं. ती पाण्यानें सहज निघते, इतकेंच. मात्र चाक आधीं थंड, स्वच्छ व कोरडें असावें. नाहीं तर मळ लेपाखालींच कोंडतो. एक पथ्य विसरूं नये: लेपाचा थेंबहि तबकडीवर पडूं देऊं नये. चाक चकाकलें, पण गाडी वेळेवर थांबली नाहीं, तर त्या शोभेचा काय उपयोग?