भजनाचें चित्र कसें जोडावें

गाण्याचें चित्र घेणें ही गोष्ट आतां कोणासही नवलाची राहिलेली नाहीं. लातूर जिल्ह्यांतील अहमदपूर तालुक्याचेंच उदाहरण घ्यावें. या बाजूस वारकऱ्यांचा हरिनाम सप्ताह आणि वीरशैवांचा शिवनाम सप्ताह अशा दोन्ही परंपरा शेजारीं शेजारीं नांदतात. एका मांडवांत तुकोबांचे अभंग चाललेले असतात, तर दुसऱ्यांत मन्मथस्वामींचे. मांडव कोणताही असो, भजन रंगांत आलें कीं दहापांच मोबाइल वर होतात. सप्ताह संपतो, पाहुणे आपापल्या गांवीं जातात, आणि तिघांचौघांनीं घेतलेलीं चित्रें गांवांतल्या एखाद्या हौशी तरुणापुढें येऊन पडतात. 'यांतून एक चांगलें भजन तयार करून दे,' एवढीच मागणी असते. पुण्यामुंबईस नोकरीनिमित्त गेलेल्या मुलांना तें पाहावयाचें असतें. गाणारे बुवा सत्तरीच्या पुढें गेलेले असले, तर तें गाणें पुढल्या वर्षीं त्याच गळ्यांतून ऐकावयास मिळेलच, अशी हमी कोण देणार? म्हणूनच हें काम हौसेचें असलें तरी त्याची जबाबदारी लहान नव्हे.

नवशिका संकलक बहुधा पहिल्याच पावलास घसरतो. तो प्रथम चित्रांकडे पाहतो. वास्तविक त्यानें डोळे मिटून आधीं तिन्ही मोबाइलांचे आवाज ऐकावेत. एकाच्या शेजारीं कर्णा असल्यामुळें त्याचा आवाज फाटलेला असतो. दुसऱ्यांत भजनापेक्षां जवळ बसलेल्या मंडळींच्या गप्पाच अधिक ऐकूं येतात. तिसऱ्याचा बरा असतो. जो बरा असेल तो एकच आवाज आरंभापासून अखेरपर्यंत ठेवावा आणि बाकीचे बंद करावेत. माईकच्या यंत्रांतून परस्पर ध्वनिमुद्रण मिळालें तर उत्तमच. मात्र त्यांत टाळकऱ्यांचा गजर व श्रोत्यांची साथ फिकी पडते, म्हणून मांडवांतला आवाज त्याखालीं अगदीं हलका मिसळावा. दर दृश्याबरोबर आवाजही बदलला, तर ऐकणाराला दर चार क्षणांनीं कोणी जागेवरून उठवून दुसरीकडे बसवीत आहे असें वाटतें.

चित्र आणि गाणें यांचें नातें आपल्याकडे अनेकदां पालटलें आहे. १९३२ सालीं प्रभातचा 'अयोध्येचा राजा' निघाला, तेव्हां नटाला कॅमेऱ्यासमोर स्वतः गावें लागे. १९३५ सालीं कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सनें 'धूपछाँव' या चित्रपटांत पार्श्वगायन आणलें; तेव्हांपासून गाणें आधीं तयार होऊं लागलें आणि नट त्यावर ओठ हलवूं लागला. चित्र मनासारखें साधलें नाहीं तर तेंच गाणें पुन्हां लावून चित्र पुन्हां घेतां येई. मांडवांतल्या भजनाला ही सोय नाहीं. तेथें गाणें एकदांच होतें, आणि संकलकाच्या सोईसाठीं कोणी दुसऱ्यांदा गात नाहीं.

आतां जुळणीचा प्रश्न. तीन मोबाइल तीन निरनिराळ्या क्षणीं सुरू झालेले असतात. तिन्ही चित्रें एका काळरेषेवर आणावयाचीं. सिनेमावाले यासाठीं पाटी आपटतात. भजनांत टाळ हीच पाटी! टाळाचा पहिला ठणका ध्वनीच्या आलेखांत उंच सुळक्यासारखा दिसतो, त्यावर तिन्ही सुळके जुळवावेत. हें काम यंत्रही करतें. 'डाव्हिंची रिझॉल्व्ह'ची विनामूल्य आवृत्ति किंवा सर्वस्वीं मुक्त असलेलें 'केडेनलाइव्ह' यांपैकीं कोणतेंही साधन नवशिक्याला पुरेसें आहे. परंतु यंत्र जुळवितें तें आवाजावरून, आणि तेथें एक खांच आहे. आवाज सेकंदास सुमारें ३४३ मीटर जातो. मांडवाच्या टोकाशीं, समजा ३४ मीटरांवर, उभा असलेल्या माणसाच्या मोबाइलांत टाळाचा आवाज एक दशांश सेकंद उशिरां पोंचतो. प्रकाशाला मात्र असा उशीर होत नाहीं. सेकंदास २५ फ्रेम धरल्या तर ही तफावत अडीच फ्रेमची झाली. अशा चित्राचा आवाज तंतोतंत जुळविला कीं टाळ आधीं मिटलेले दिसतात आणि ठणका मागाहून येतो. तें चित्र दोनतीन फ्रेम उशिरां सरकवावें, आणि दोन टाळ एकमेकांस भिडतात त्याच क्षणीं नाद येतो कीं नाहीं हें डोळ्यांनीं तपासावें. शेजारींच कर्णा असेल तर हा हिशेब बदलतो. म्हणून डोळा हाच शेवटचा पंच. शिवाय कित्येक मोबाइल फ्रेमची गति एकसारखी राखीत नाहींत. आरंभीं जुळलेलें चित्र पंधरा मिनिटांनीं निसटलेलें असतें. तीं चित्रें आधीं एकसमान गतीचीं करून घ्यावीत, आणि जुळणी आरंभीं, मध्यें व अखेरीस अशी तीनदां पाहावी.

एवढें झाल्यावर खरा आनंदाचा भाग सुरू होतो. कोणतें दृश्य केव्हां दाखवावें? येथें ताल हाच गुरु. भजनी ठेका आठ मात्रांचा. मिनिटास १२० मात्रांची लय असेल तर एक आवर्तन चार सेकंदांत, म्हणजे शंभर फ्रेममध्यें पुरें होतें. समेवर दृश्य बदललें कीं तें डोळ्यांना टोंचत नाहीं, हें नवशिक्याच्या लवकर ध्यानीं येतें. आणि मग तो दर समेस दृश्य बदलूं लागतो! पुढें लय दुप्पट झाली कीं आवर्तन दोन सेकंदांवर येतें, आणि पाहणाराला गरगरल्यासारखें होतें. लय वाढली म्हणून दृश्येंही भराभर बदललींच पाहिजेत, ही समजूत चुकीची आहे. द्रुत लयींत टाळकऱ्यांच्या पावलींतच इतकी गति असते कीं दूरचें एक स्थिर दृश्य आठ आठ आवर्तनें सहज टिकतें.

सम हें दार आहे खरें, पण दारांतून जावयाचें कशासाठीं, तें गाण्याच्या घडणींतून कळतें. बुवा चरण म्हणत आहेत तोंवर त्यांचा चेहरा सोडूं नये; अभंगाचा अर्थ त्या चेहऱ्यावर उमटत असतो. चरण संपून टाळकऱ्यांनीं धृपद उचललें कीं सगळा मांडव दाखवावा. पेटीवाल्यानें सुरावट परत घेतली तर क्षणभर त्याची बोटें. आणि पखवाजी तुकडा घेऊं लागला, तर त्याचे हात दिसलेच पाहिजेत, तेही तुकडा समेवर येईपर्यंत. नवशिके नेमके मधेंच चेहऱ्याकडे वळतात, आणि ज्या थापेसाठीं सारा मांडव श्वास रोधून बसलेला असतो ती थापच दिसत नाहीं. पखवाजी बिचारा सर्वांच्या मागें बसतो; त्याच्यावर एखादा मोबाइल आधींच लावून ठेवणारी मंडळी विरळा.

टाळकरी दोन ओळींत समोरासमोर उभे असतात. एखादा मोबाइल त्यांच्या पलीकडच्या अंगास असला, तर उजवीकडे पाहणारा गायक पुढच्याच दृश्यांत डावीकडे पाहूं लागतो. अशा दोन दृश्यांमध्यें सबंध मांडवाचें एखादें दृश्य घातलें कीं घोटाळा मिटतो. १९७० सालच्या 'वुडस्टॉक' या अमेरिकन संगीतपटांत पडदा विभागून दोन तीन चित्रें एकाच वेळीं दाखविलेलीं आहेत. तें चित्रपटगृहाच्या पडद्यास शोभलें. तळहाताएवढ्या मोबाइलवर त्याची नक्कल केली तर बुवा सुपारीएवढे दिसतात.

एक मोह मात्र निक्षून टाळावा. श्रोता मान डोलावतो आहे असें सुंदर दृश्य दुसऱ्या अभंगाच्या वेळचें असतें, आणि तें येथें चिकटवावेंसें वाटतें. शहरांतल्या मैफलींत तें कदाचित् खपेल. गांवांत मात्र तो गृहस्थ त्या वेळीं पंगतीस गेला होता, हें चार जणांना पक्कें ठाऊक असतें! हातांच्या बाबतींत तर अशी उसनवारी मुळींच चालत नाहीं. वाजणारा बोल एक आणि पडणारी थाप दुसरी, हें जाणत्याला पहिल्याच आवर्तनांत कळतें. वृद्ध गळा एखाद्या जागीं चिरकला म्हणून तेथें दुसऱ्या वेळचा स्वर आणून बसविणें हेंही तसेंच. तो चिरकलेला स्वर आणि त्यानंतर बुवांनीं सांवरून घेतलेली तान, हीं दोन्हीं त्या दिवसाच्या गाण्याचींच.

भजन जोडून झालें, सर्वांना धाडलें, कीं संकलक जागा मोकळी करण्यासाठीं मूळ चित्रें पुसून टाकतो. तीं पुसूं नयेत. दोन निरनिराळ्या ठिकाणीं त्यांच्या प्रती ठेवाव्यात, आणि सोबत तारीख, गांव, अभंग व साथ करणारांचीं नांवें लिहावीत. बुवांचें नांव सर्वांच्या ध्यानांत राहतें. पखवाजी कोण होता, हें दहा वर्षांनीं विचारावयास गेलें तर सांगणारा सांपडत नाहीं.