तळे तेच, मन वेगळे



महाडचे चवदार तळे मी प्रथम पाहिले ते पुढच्या एस.टी.ला तासभर अवकाश होता म्हणून. बांधीव काठ, हिरवट पाणी. ‘एवढेच?’ म्हणत परत फिरलो.

पुढे इतिहास वाचला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी येथे ओंजळीने पाणी प्राशन केले. त्या ओंजळीसाठी आपल्या माणसांनी मार खाल्ला; सनातन्यांनी तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले.

दुसऱ्यांदा आईला घेऊन गेलो. तिने पायरीवरच वहाणा काढल्या. माझी ओंजळ थरथरली. तळे तेच होते, मन बदलले होते. तथागतांनी मनालाच अग्रस्थान दिले आहे.

म्हणून सहलीच्या गाडीत बसण्यापूर्वी मुलांना इतिहास सांगा.

नमो बुद्धाय! जय भीम!