सोयाबीनचा भाव कुठे ठरतो?

(मंगरूळपीर येथे तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



आयोजकांनी मला ‘आर्थिक सुधारणांचं राजकारण’ हा विषय दिला. मी अर्थतज्ज्ञ नाही. पण या सुधारणांच्या दोन्ही बाजू माझ्या घरातच आहेत. १९९१ नंतर दारं उघडली, म्हणून इथल्या पोराला पुण्यात बसून परदेशी कंपनीचं काम मिळालं. त्याच ओघात १९९४ मध्ये पामोलिनची आयात खुली झाली आणि अब्बांच्या सोयाबीनला बाहेरच्या तेलाशी सामना करावा लागला.

एक क्विंटल सोयाबीनमधून साधारण अठरा किलो तेल निघतं. उरते ती बहुतेक ढेप, ती कोंबड्यांच्या खाद्यात जाते. म्हणजे सोयाबीन स्वस्त हवं असणारे दोन मोठे गट झाले. २०२१ च्या उन्हाळ्यानंतर भाव दहा हजारांच्या आसपास गेला. पोल्ट्रीवाले दिल्लीत गेले आणि ऑगस्टमध्ये बारा लाख टन ढेप आयात करायला परवानगी मिळाली. तीही जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची, जे आपल्या शेतकऱ्याला पेरायची परवानगी नाही! आपली सोंगणी झाली तोवर भाव पार खाली आला होता. नवा माल येताना भाव उतरतोच, हेही खरं. पण त्या वर्षी दोन्ही एकदम आलं.

आता २०२४ च्या तारखा बघा. १४ सप्टेंबरला कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के झालं. १५ नोव्हेंबरला सरकारी खरेदीतली मॉइश्चरची मर्यादा १२ वरून १५ टक्क्यांवर नेली. २० नोव्हेंबरला मतदान झालं. हमीभाव ४,८९२ होता, बाजार त्याच्या खालीच राहिला. आणि ३० मे २०२५ ला शुल्क पुन्हा १० टक्क्यांवर आलं.

तेल स्वस्त होण्यात वाईट काही नाही. माझी खाला डबे करते. शुल्क वाढलं तेव्हा तिचं गणित बिघडलं. अब्बा आणि खाला, दोघांचंही म्हणणं बरोबर आहे. पण शुल्क ठरताना दोघांपैकी कुणालाच कुणी विचारलं नाही. ज्यांची संघटना आहे त्यांचं ऐकलं गेलं.

आपण तरी काय विचारतो? मोहल्ल्यात उमेदवार आला की कब्रस्तानची भिंत, शादीखाना. मी स्वतः त्या बैठकीत बसलो होतो, सोयाबीनचं नाव काढलं नाही. आणि हर्रासाच्या दिवशी बाजार समितीत अब्बा, तांड्यावरचे बंजारा शेतकरी आणि पाटील काका एकाच ढिगाऱ्यापाशी उभे असतात, तिघांचा भाव तोच. पुढच्या वेळी हे तिघं मिळून उमेदवाराला गाठतील, एवढी सोय आपण करू शकतो. शुल्क बदलायचंच असेल तर पेरणीआधी सांगा आणि सोंगणी होऊन माल विकेपर्यंत त्याला हात लावू नका, एवढीच मागणी.

३० मेची बातमी मी अब्बांना फोनवर वाचून दाखवली. बियाणं घरात येऊन पडलं होतं. ते म्हणाले, “ऑक्टोबरपर्यंत अजून एकदा बदलतील का?” मला सांगता आलं नाही.